काकीला व्हिडिओतून काढताना

एखाद्या बाईला लग्नाच्या व्हिडिओतून काढायचं असेल, तर ती नाचत नसावी, ही पहिली अट. खुर्चीत बसलेली बाई एका दुपारीत निघते. चर्चमध्ये मिस्साला गुडघे टेकलेली बाई तर त्याहून लवकर, फक्त तिने मधेच क्रूस काढायला हात उचलू नये. पण बँडच्या मागे नाचत निघालेली बाई काढायची म्हणजे धावत्या कोंबडीला झबलं घालण्यासारखं आहे. हे मला आधी कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. मला नुकतंच पेन टूल जमायला लागलं होतं, आणि नवा कोयता हातात आला की माणूस काय कापू, काय कापू करत वाडीभर फिरतो.

पेन टूल म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. ज्यांना माहीत आहे त्यांनी तेवढ्यात चहा ठेवावा. कॉम्प्युटरवर व्हिडिओ उघडायचा, जे माणूस काढायचं त्याच्या कडेकडेने टिंबं देत जायचं आणि शेवटचं टिंब पहिल्या टिंबाला नेऊन मिळवायचं. म्हणजे वाडीला कुंपण घातल्यासारखं होतं. याला मास्क म्हणतात. कुंपणाच्या आतलं दाखवायचं की बाहेरचं, हे मग आपण सांगायचं. कुंपणाला एवढीशी जरी फट राहिली तरी सगळं फुकट. गुरं आत शिरतात म्हणा ना. आणि प्रत्येक टिंबाला दोन बाजूंना दोन मिशा असतात. त्या ओढल्या की रेघेला बाक येतो, जास्त ओढल्या की रेघ शेजारच्याच्या हद्दीत जाते. आमच्या गिरीज गावातल्या कोणालाही हे सॉफ्टवेअर लगेच समजावं, इतकं ते हद्दीच्या भांडणांवर आधारलेलं आहे.

मी हे सगळं मोबाईलवरच्या एका मुलाकडून शिकले. तो दर वाक्याआधी 'तो गाईज' म्हणतो. त्याच्या कृपेने वाढदिवसाची आमंत्रणं, संडे स्कूलच्या गाण्यांच्या पाट्या असं करत करत मी पन्नाशीत गावाची ग्राफिक्सवाली झाले. आमचे हे, आग्नेल, नोकरीतून निवृत्त होऊन केळी बघतात. माझ्या कामाला ते 'जीनाचं भरतकाम' म्हणतात. मी ते ऐकलं नाही असं दाखवते.

तर हेलनच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. हेलन माझी नणंद, पापडीला दिली आहे. चर्चच्या हॉलमध्ये मोठं जेवण आणि जेवणाआधी पडद्यावर लग्नाचा व्हिडिओ, असं ठरलं. जुनी कॅसेट माणिकपूरच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर करून आणली आणि माझ्या हातात ठेवून हेलनने दोन मागण्या केल्या.

"वहिनी, एक तर यात आई शोध. कुठे असेल तिथून काढ, मोठी कर, पण आई दिसली पाहिजे."

"आणि दुसरं?"

"प्रिस्का काकी दिसता कामा नये. ती पडद्यावर आली तर मी केक न कापता घरी जाईन."

सासूबाई, म्हणजे एमिली, सहा वर्षांपूर्वी गेल्या. आमच्याकडे त्यांचे फोटो आहेत, सगळे पासपोर्टच्या ऑफिसात काढल्यासारखे. हलत्याचालत्या सासूबाई असल्या तर याच कॅसेटमध्ये, हेलनला दुसरीकडे कुठे मिळणार नव्हत्या. आणि प्रिस्का काकी म्हणजे आमची चुलतसासू, कुंपणापलीकडेच राहतात. सासूबाईंना जाऊन महिना झाल्यावरच्या मिस्सानंतर घरी जेवण होतं. मटण हेलनने केलं होतं. काकींनी पहिला घास घेतला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मीठ जास्त झालंय. रडत रडत केलं की असंच होतं." त्या दिवसापासून हेलन त्यांच्याशी बोलत नाही. बहिणीची बाजू घ्यायची म्हणून आग्नेल बोलत नाहीत. मी बोलते, पण कपडे वाळत घालताना, म्हणजे ते बोलण्यात धरलं जात नाही.

कॅसेट पूर्ण पाहिली. सासूबाई एकदाच सापडल्या. चर्चमध्ये, लांब, खांबाच्या मागे अर्ध्या, मान खाली. मोठं करून पाहिलं तर पांढऱ्या ठिपक्यांचं धुकं झालं. आग्नेल म्हणाले, "आई कुठली दिसणार? चुलीशीच असायची. त्या दिवशीही सकाळी मी पाहिलं तेव्हा डावाने मटण ढवळत होती, संध्याकाळीही तिथेच होती."

काकी मात्र भरपूर होत्या. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्यात बँड लावून विहिरीचं पाणी आणायला जातात. पुढे बँड, मागे घागरी घेतलेल्या बायका, त्यांच्यामागे नाचणाऱ्या. पण कॅमेरावाला जाडा होता, त्याला पुढे धावायचा कंटाळा. त्याने सगळी मिरवणूक मागून काढली. म्हणजे लाल लुगड्यांच्या पाठीच पाठी. आमच्या जुन्या बायका सगळ्या लाल लुगड्यातल्या, सगळ्यांचा अंबाडा तस्साच, सगळ्यांच्या केसात अबोली. मागून पाहिलं तर कोण कोणाची आई, ते देवालाही पुढे जाऊन पाहावं लागेल. पण त्यात एक होती ती अंगात वारं भरल्यासारखी नाचत होती. डावा हात वर, हातात पर्स, ती पर्स गरगर फिरवत.

हेलनला फोनवर पाठवलं. तिचं लगेच उत्तर आलं, "हीच ती. माझ्या पाण्याला असं नाचायला लाज कशी वाटली नाही?"

आग्नेलनीही चष्मा पुसून पाहिलं. "काकीच. आणखी कोण असणार एवढी निर्लज्ज?"

दोन सख्ख्या भावंडांची साक्ष झाल्यावर मी कामाला लागले.

व्हिडिओत एका सेकंदाला पंचवीस चित्रं असतात. माणूस हललं की दर चित्रात कुंपण हलवायचं. काकी हलत नव्हत्या असं एकही चित्र नव्हतं. दुपारची जेवणं आवरली की मी बसायची आणि काकींच्या कोपराभोवती, टाचांभोवती, लुगड्याच्या काष्ट्याभोवती टिंबं देत राहायची. त्या पर्सने तर माझा जीव खाल्ला. फिरवलेली वस्तू चित्रात पुसट येते, तिला कडच सापडत नाही. मी मनातल्या मनात काकींना म्हणायची, अहो, विहिरीवर जाताना पर्स कशाला लागते?

पहिला मोठा तुकडा झाल्यावर आग्नेलना हौसेने बोलावलं. त्यांनी पाहिलं. पडदा काळाकुट्ट. बँड नाही, घागरी नाहीत, केळी नाहीत, हेलन नाही. अंधारात एकट्या काकी आनंदाने नाचत होत्या.

"जीना," आग्नेल म्हणाले, "काकीला काढायचं होतं ना? तू बाकी गाव काढलंस."

आतलं-बाहेरचं उलटं झालं होतं. तेवढं एक बटण. मी शांतपणे ते दाबलं आणि त्यांना केळीचं पाणी सोडायची आठवण केली.

आता काकी गेल्या, पण त्यांच्या जागी भोक पडलं. हे 'तो गाईज'ने मला दुसऱ्या भागात सांगितलं. माणूस काढला की त्याच्या मागे जे होतं ते आणून तिथे लावावं लागतं, पण मागे काय होतं ते कोणालाच ठाऊक नसतं. या वेळी आमच्या समोरच्या इमारतीतल्या वसुंधरा वहिनी चहाला आल्या होत्या. त्या मूळच्या साताऱ्याच्या, नवऱ्याच्या नोकरीपायी इथे फ्लॅट घेऊन राहिलेल्या, आणि प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे उपाय असतो. त्या म्हणाल्या, "एवढं काय त्यात? कुंडी ठेवा तिथे. आम्ही भिंतीला ओल आली तेव्हा तेच केलं."

कुंडी नाही, पण केळीचं झाड ठेवू म्हटलं. वाडीच आहे, शोभेल. ठेवलं, आणि व्हिडिओ चालवला. कॅमेरा चालत होता, बायका चालत होत्या, आणि त्यांच्यामधून केळीचं एक झाडही बँडच्या तालावर विहिरीकडे निघालं होतं. मी त्याला जागेवर धरून ठेवायला विसरले होते.

वसुंधरा वहिनी समजुतीने म्हणाल्या, "तुमच्याकडे अशी प्रथा असते का?"

आग्नेलचं दुःख वेगळंच होतं. "ही राजेळी जातीची केळ आहे. त्या वाटेला आपल्याकडे बसराई होती. लोक हसतील."

मी केळ काढली, वाटेकडेची दोन खरीखुरी कुंपणं इकडून तिकडून आणून चिकटवली, आणि हृदयाकडे वळले. हेलनला व्हिडिओच्या सुरुवातीला हृदय हवं होतं. मोठं, लाल, धडधडणारं, आणि आत ती आणि तिचा नवरा ॲन्सेल्म. हृदय म्हणजे सोपं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते टिंबांनी काढून बघावं. माझ्या पहिल्या हृदयाला वसुंधरा वहिनींनी छान म्हटलं आणि वांगं कशासाठी घेतलं, असं विचारलं. मिशा ओढून दुसरं केलं, ते विड्याचं पान झालं. तिसरं अखेर हृदय झालं, पण हृदयाला वर मधोमध खाच असते ना, ती नेमकी ॲन्सेल्मच्या डोक्यावर आली. हेलन सुंदर दिसत होती. शेजारी सूटमध्ये फक्त गळा. ॲन्सेल्म भाऊजी स्वभावाने गरीब. म्हणाले, "राहू द्या वहिनी, तिला बघायलाच लोक येणार." मी त्यांना थोडे खाली सरकवले. लग्नात तशी सवय झालेली असते.

एवढ्यात हॉलच्या समितीचा निरोप आला. पडद्यावर काही दाखवायचं असेल तर समितीने आधी पाहिलं पाहिजे. मागे कोणाच्या तरी लग्नात नवऱ्याच्या मित्रांनी गोव्याचं काहीतरी लावलं होतं, तेव्हापासून नियम. लॅपटॉप घेऊन गेले. समितीचे सेक्रेटरी, खजिनदार आणि एक सदस्य, ज्यांचं पद शेवटपर्यंत कळलं नाही, असे तिघे ओळीने बसले. हृदय पसंत पडलं. मग विहिरीची मिरवणूक सुरू झाली. बँड, घागरी, लाल पाठी. काकींचा मागमूस नाही. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

सेक्रेटरी पुढे झुकले. "मॅडम, जरा मागे घ्या. ही सावली कोणाची?"

पाहिलं. वाटेवर ऊन पडलं होतं. मधे मोकळी जागा होती, आणि त्या मोकळ्या जागेत जमिनीवर एक सावली हात वर करून नाचत होती. बाई नाही. नुसती सावली. बाई काढण्याच्या नादात मी तिची सावली काढलीच नव्हती.

"बाई नसताना सावली कशी पडते?" पद नसलेल्या सदस्यांनी विचारलं.

"तांत्रिक आहे," मी म्हटलं.

हा शब्द वापरायला नको होता. सेक्रेटरी गंभीर झाले. "आपल्या हॉलमध्ये तांत्रिक-मांत्रिक चालत नाही. फादरना विचारावं लागेल. नाहीतर सावली काढून आणा, मग बघू." आणि जाता जाता खजिनदार म्हणाले, "पण नाचतेय मात्र छान."

मी घरी येऊन सावलीला कुंपण घालायला बसले. सावली ही माणसाहून वाईट. माणसाला निदान नाक असतं, कुठे थांबायचं ते कळतं.

दरम्यान वसुंधरा वहिनींनी आमच्या कुंपणापलीकडे प्रिस्का काकींकडून भाजी घेताना सहज विषय काढला, की तुमच्या पुतणीच्या कार्यक्रमात तुम्हाला कापलंय म्हणे. त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांच्या मनात काही राहतच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंपणाच्या फटीतून प्रिस्का काकी आल्या. सहा वर्षांनी आल्या. लाल लुगडं, हातात काठी, चालणं आता सावकाश. आग्नेलनी त्यांना पाहिलं, घड बघायला हवा असं पुटपुटले आणि मागच्या दाराने गेले. घड सकाळीच उतरवला होता.

"जीना," खुर्चीत बसत काकी म्हणाल्या, "मला पुसतेयस, ऐकलं."

मी पाणी आणलं.

"पूस गं बाय. हेलनचा समारंभ, तिला नको असेन तर नको. पण पुसायच्या आधी एकदा बघू दे. तेव्हा मला अजून केस होते. कशी दिसत होते तेवढं बघते नि जाते."

मला इतकं ओशाळवाणं झालं, की मी मूळ व्हिडिओ लावून दिला आणि चहाच्या निमित्ताने आत गेले. आतून बँड ऐकू येत होता. मग काकींचं हसणं ऐकू आलं. मला वाटलं रडतायत. बाहेर आले तर खरंच हसत होत्या, काठी धरून, पोट दाबून.

"अगो, यात मी कुठे आहे?"

"ही काय, नाचणारी. पर्सवाली."

"पर्स?" काकींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "ती पर्स आहे? ती चप्पल आहे. नवी घेतली होती लग्नाला. वाटेत चिखल होता, खराब होईल म्हणून काढून हातात घेतली नि एक विसरली पायात, परत आल्यावर तिनेच सांगितलं. बघ, एक पाय अनवाणी. नवी चप्पल हातात घेऊन नाचणारी दुसरी कोण असणार गं? ही एमिली."

मी पडद्याकडे पाहत राहिले. त्या डाव्या टाचेला मी कितीदा टिंबं दिली होती. टाच अनवाणी आहे हे मला माहीत होतं, दुसरी नाही हेही माहीत होतं. मला वाटायचं कॅसेट खराब झालीय.

"पण सासूबाई तर चुलीशी होत्या. सगळे म्हणतात."

"चुलीशी मी होते. सकाळपासून ती मटण ढवळत बसली होती. बँड वाजायला लागला तरी उठेना. म्हटलं, लेकीचं पाणी आहे, जा. म्हणे लागेल खाली. मी डाव हिसकावून घेतला आणि ढकलून दिली तिला. पोरं परत यायच्या आधी धापा टाकत आली, डाव परत घेतला, म्हणाली, प्रिस्का, कोणाला सांगू नको." काकींनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. "सांगितलं नाही."

म्हणजे मी इतक्या सगळ्या दुपारी बसून, टिंबाटिंबाने, आमच्या सासूबाईंना पुसत होते. ज्या हेलनला शोधून हव्या होत्या, त्यांनाच. काकी त्या कॅसेटमध्ये कुठे नव्हत्याच. त्यांना काढायला त्या असायला तर हव्यात.

हेलनला फोन केला. फक्त म्हटलं, ये, आई सापडली. ती पापडीहून रिक्षाने आली, दारातच काकींना पाहिलं आणि तोंड फिरवून उभी राहिली. मी तिला खुर्चीत बसवलं, माझा सगळा पसारा उघडला. बँड, घागरी, मधे माझी चिकटवलेली मोकळी वाट. सावली काढायचं अर्धंच झालं होतं, त्यामुळे सावलीची नुसती कंबर नाचत होती.

"मास्क काढला की जे झाकलं ते परत येतं," मी म्हटलं. "आतलं काही पुसलं जात नाही." आणि बटण दाबलं.

सासूबाई आल्या. अख्ख्या. टाच, काष्टा, अबोली, वर केलेला हात, हातातली चप्पल.

"आई?" हेलन म्हणाली. तिने चप्पल बघितली, अनवाणी पाय बघितला, आणि मग तिला विचारावं लागलं नाही. "परत लाव."

परत लावलं. परत परत लावलं. आग्नेल केव्हातरी मागच्या दारातून आत येऊन भिंतीला टेकून उभे होते.

"आई नाचायची?" हेलनने विचारलं, कोणाला ते कळलं नाही.

"एकाच गावातल्या आम्ही दोघी. लग्न होईतो नाचायची. मग एकदा हे," काकी म्हणाल्या.

हेलन माझ्याकडे वळली. "वहिनी, तू आईला पुसलंस?"

"तूच म्हणालीस ही ती म्हणून."

"मी काकीला पूस म्हणाले होते."

"मी इथेच बसलेय," काकी म्हणाल्या.

हेलनने पहिल्यांदा वळून त्यांच्याकडे पाहिलं. तशा काकी म्हणाल्या, "मीठ मात्र जास्त होतं गं."

"होतं," हेलन म्हणाली, आणि लुगड्याच्या पदराने डोळे पुसायला तिला काकींचाच पदर सापडला.

त्यानंतर हेलनची आणखी एक मागणी आली, कारण आमच्या घराण्यात समाधान टिकत नाही. "आता काकीला यात घाल. वहिनी, तुला येतं. तिचा फोटो घे, कड काप आणि आईच्या बाजूला ठेव."

मी पेन टूल हातात घेतलंही होतं. काकींनी काठी आपटली. "खोटं कशाला? मी तिथे नव्हते. एकटी नाचलीय, नाचू दे एकटीला."

समारंभाच्या दिवशी पडदा लावायला शत्रुघ्न आला होता. स्टेशनच्या पूर्वेकडच्या खेड्यातला, आमच्याकडचे सगळे कार्यक्रम तोच करतो. म्हणाला, "ताई, पेन ड्राइव्ह द्या नि निवांत बसा. समितीचं कोन काय बोलनार नाय, सावलीवर बाई आहे ना आता." हृदय धडधडलं, आत हेलन आणि अख्खे ॲन्सेल्म भाऊजी दिसले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग विहिरीची वाट आली.

मी त्या वाटेला हात लावला नव्हता. जशी कॅसेटमधून आली तशीच ठेवली होती, जरा पुसट, जरा हलणारी. मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "ही नाचणारी कोण?" हेलनने माईक घेतला. भाषण तयार होतं, पाठही होतं. तिने फक्त, "माझी आई," एवढंच म्हटलं आणि माईक आग्नेलना दिला. आग्नेलनी तो तसाच शत्रुघ्नला दिला.

वसुंधरा वहिनी माझ्या कानाशी आल्या. "सुरेख झालंय हो. पण यात तुम्ही नेमकं काय केलंत?"

मी विचार केला. टिंबं, मिशा, कुंपणं, केळ, सावली. "काही नाही," म्हटलं. "होतं तसं ठेवलं."

"मग इतके दिवस करत काय होतात?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर पडद्यावर माझं खरं काम सुरू झालं होतं. पन्नास फोटो, प्रत्येकाला वेगळा आकार, चांदण्या, पाकळ्या, उडती कबुतरं, एकेका कबुतराच्या पंखाला मी दिवस घातले होते. मी मान वळवून हेलनचं तोंड बघायला गेले. ती समोरच्या मानाच्या खुर्चीवर नव्हती. पहिल्या रांगेत काकींच्या शेजारी स्टूल ओढून, पडद्याकडे पाठ करून बसली होती.

"आई तिच्या लग्नाआधी कुठे कुठे नाचली होती?" ती विचारत होती. "सुरुवातीपासून सांग."

काकींनी सुरुवातीपासून सुरू केलं. आग्नेल त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले, मग ॲन्सेल्म भाऊजी, मग समितीचे खजिनदारही. माझी कबुतरं एकामागून एक उडून गेली आणि त्यांच्याकडे बघणारा हॉलमध्ये शत्रुघ्न तेवढा होता, तोही वायर सैल होती म्हणून. थोडा वेळ मी मानी चेहरा करून बसून पाहिलं. मग खुर्ची उचलली आणि मीही ऐकायला गेले.